वारा कमी झाला म्हणून गॅस भरू नका

*दादा, नमस्कार. मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. माझ्याकडे २०११ची डबल केबिन पिकअप आहे, एसीवाली. मागे हौद्यात खताच्या गोण्या नाहीतर ठिबकच्या नळ्या, पुढे घरची माणसं. दोन वर्षांपासून एसीचा वारा हळूहळू कमी होत गेला. आता पंखा फक्त ४ नंबरवर चालतो. १, २, ३ वर ढिम्म. ४ वर आवाज भरपूर, पण वारा हाताला जेमतेम लागतो. जो लागतो तो गार असतो. रावेरहून जळगावला निघालो की फैजपूर सोडेपर्यंत तोही बारीक होत जवळजवळ बंद पडतो. भुसावळला चहाला थांबलो की गाडीखाली पाण्याचं थारोळं साचतं आणि पुन्हा निघताना वारा थोडा सुधारलेला असतो. एसी लावल्या लावल्या उग्र वासही येतो. मेकॅनिकने या उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला, फरक शून्य. आता म्हणतो कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. आईला दर महिन्याला जळगावला दवाखान्यात न्यावं लागतं. ती मागच्या सीटवर बसते, तिच्यापर्यंत तर काहीच पोचत नाही. गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावतो, भाव येईपर्यंत कापूसही तिथेच साठवलेला असतो. मुलगा म्हणतो काचांना काळी फिल्म लावू. तुम्ही सांगा, कॉम्प्रेसर टाकू का?*

*– रावेर तालुक्यातून एक वाचक*

भाऊ, कॉम्प्रेसरला हात लावू नका. त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: जो वारा लागतो तो गार असतो. कॉम्प्रेसर मेला असता तर वारा भरपूर आला असता आणि गरम आला असता. तुमचं नेमकं उलटं आहे. गार करणारी बाजू काम करतेय, वारा ढकलणारी बाजू अडली आहे.

या दोन बाजू वेगळ्या आहेत. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी), पाइप आणि गॅस मिळून डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल थंड करतात. त्या कॉइलमधून हवा ढकलून तुमच्या तोंडापर्यंत आणायचं काम ब्लोअरचं, म्हणजे आतल्या पंख्याचं. गॅस कितीही भरला तरी पंख्याचा वारा वाढत नाही. गॅस आणि वारा यांचा संबंध येतो तो एकाच ठिकाणी, कॉइलवर बर्फ धरतो तेव्हा. त्याकडे पुढे येतोच.

गाडीच्या कंपनीचं नाव तुम्ही लिहिलं होतं, ते इथे गाळलं आहे. त्या काळातल्या बहुतेक पिकअपमध्ये आतली मांडणी साधारण सारखीच: डावीकडे, शेजारच्या सीटच्या पायाशी ब्लोअर, मधोमध कॉइल, तिच्यापुढे हिटरचा छोटा रेडिएटर, मग फ्लॅप आणि जाळ्या. नॉब फिरवला की तारेची केबल फ्लॅप ओढते. फार काही गूढ नाही त्यात.

तुमच्या पत्रात तक्रारी चार आहेत. वारा कमी, खालचे तीन नंबर बंद, वाटेत वारा मरणं आणि वास. मला त्या एकाच कारणाच्या वाटतात, आणि त्या कारणाचा पत्ता तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात: गाडी कापसाच्या शेजारी उभी असते.

कापूस म्हटला की उंदीर आले. उंदराला बाळंतपणासाठी मऊ, कोरडी, अंधारी जागा लागते आणि ब्लोअरच्या डब्यासारखी जागा त्याला दुसरी मिळत नाही. बॉनेटच्या मागे, पुढच्या काचेखाली बाहेरची हवा आत घेणारी जाळी असते. तिथली प्लास्टिकची पट्टी तुटलेली किंवा सैल असेल तर उंदीर सरळ आत उतरतो. एका पिकअपचा ब्लोअर खाली काढला तेव्हा पंख्याच्या वर कापसाची अख्खी गादीच निघाली होती. तिच्यात केळीच्या वाळल्या पानांच्या चिंध्या, भुईमुगाची टरफलं आणि शाळेच्या वहीच्या पानाचे कुरतडलेले तुकडे, त्यावर कुणाची तरी बेरीज शाबूत होती. त्या मालकाचीही तक्रार तुमच्यासारखीच होती, एसी लावला की मुतारीसारखा वास येतो. उग्र वासाचा तुमचा उल्लेख वाचला आणि तीच गादी आठवली.

उंदीर नसला तरी आपल्याकडे अडथळ्यांना तोटा नाही. जुन्या पिकअपमध्ये केबिन फिल्टर बहुधा नसतोच. म्हणजे शेतरस्त्याची बारीक माती, सरकीवरचं तंतू-तंतू झालेलं रुईचं भुस्कट, कडुनिंबाखाली गाडी लावत असाल तर त्याची बारीक पानं आणि चैत्रातला मोहोर, हे सगळं थेट ओल्या कॉइलवर जाऊन चिकटतं. कॉइल म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची दाट जाळी. एसी चालू असताना ती ओली असते, गाडी बंद झाली की वाळते. चौदा-पंधरा वर्षांत त्या ओल्या-वाळल्या धुळीचा थर गोधडीसारखा बसतो, आणि पंखा त्या गोधडीवर वारा आपटत राहतो.

आता एकेक लक्षण जोडून बघा. आधी खालचे तीन नंबर.

ब्लोअरला ४ नंबरवर वीज सरळ मिळते. १, २ आणि ३ वर ती रेझिस्टर नावाच्या छोट्या पट्टीतून जाते. पट्टीवर तारेची वेटोळी असतात, ती विजेला अडवतात म्हणून पंखा हळू फिरतो. अडवलेल्या विजेची उष्णता होते, म्हणून हा रेझिस्टर मुद्दाम वाऱ्याच्या वाटेत बसवलेला असतो. वारा त्याला थंड ठेवतो. वाराच नसेल तर तो तापून लाल होईल. तसं होऊ नये म्हणून त्यावर एक थर्मल फ्यूज असतो, तो वितळतो आणि खालचे सगळे नंबर एकदम बंद पडतात. एखादं वेटोळं तुटलं असतं तर एखाददुसरा नंबर गेला असता. तिन्ही एकदम गेलेत म्हणजे थर्मल फ्यूज नाहीतर त्याचा कपलर (वायरी जोडणारी प्लास्टिकची खोबण) जळालाय. म्हणजे जळण्यामागेही वाऱ्याचीच कमतरता. नुसता रेझिस्टर बदलाल तर नवा पण जळेल. किंमत काही शेकड्यांत आहे, पण दर सहा महिन्यांनी कोण बदलत बसणार?

दुसरं, वाटेत वारा मरणं आणि गाडीखालचं थारोळं. हा बर्फ आहे, भाऊ.

कॉइल शून्याच्या जरा वर राहावी अशी व्यवस्था असते. थर्मोस्टॅटची बारीक नळी किंवा सेन्सर कॉइलच्या पत्र्यांत खोचलेला असतो. कॉइल फार गार झाली की तो कॉम्प्रेसर कट करतो, थोडी कोमट झाली की पुन्हा जोडतो. तुमच्या कॉइलमधून वारा जात नाही, म्हणजे तिला उष्णता मिळत नाही आणि ती शून्याखाली उतरते. तिच्यावरचं पाणी गोठतं, बर्फ पत्र्यांमधली उरलीसुरली फट बुजवतो, वारा आणखी कमी होतो, बर्फ आणखी वाढतो. फैजपूरपर्यंत हे चक्र पूर्ण होतं. तुम्ही भुसावळला चहा घेता तेव्हा तो बर्फ वितळून गाडीखाली येतो. रोजच्या एसीचं पाणी थेंबथेंब पडतं. थांबल्यावर एकदम थारोळं साचणं ही बर्फाची खूण.

यात एक गोष्ट खटकते, ती सांगून ठेवतो. आपल्या वैशाखात हवा कोरडी असते. दमट हवेत, श्रावणात, कॉइल पटकन गोठते. कोरड्या उन्हात सहसा नाही. तरी तुमची गोठते म्हणजे एक तर वारा फारच अडलाय, नाहीतर थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला कटच करत नाही. कुणी आधी कॉइल खरवडताना थर्मोस्टॅटची नळी जागेवरून उपसून ठेवली असेल तर तिला कॉइलचं तापमान कळणारच नाही. शिवाय बंद केबिनमध्ये पाच माणसांचा श्वास आणि घाम, तीही ओलच आहे. दोन्ही गोष्टी तपासून घ्या.

मेकॅनिकला सगळा दोष देऊ नका. गॅस अर्धवट कमी झाला तरी कॉइलचा काही भाग गोठतो, हे खरं आहे. त्यामुळे पहिल्यांदा त्याने गॅसकडे बघितलं तर ते समजू शकतं. दुसऱ्यांदा भरला तेव्हा मात्र थांबायला हवं होतं. गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय आणि गळती शोधल्याशिवाय भरणं म्हणजे फुटक्या टाकीत टँकर ओतणं. आणि गळती नसताना भरला असेल तर आता तो जास्त झालाय. जास्त गॅसने दाब वाढतो, भुसावळच्या ४५ अंशांत कंडेन्सर तो सांभाळू शकत नाही, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि मग खरोखरच 'कॉम्प्रेसर गेला' असं वाटायला लागतं.

आता घरी करायच्या तपासण्या. अवजारं लागत नाहीत, अर्धा तास लागेल. सकाळी ऊन चढायच्या आत करा, गाडी शेडच्या बाहेर मोकळ्या जागी उभी करून. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका.

एसीचं बटण बंद, पंखा ४ वर. आता हवा आत घेण्याचा खटका एकदा 'बाहेरची हवा' आणि एकदा 'आतली हवा' असा फिरवा. आतली हवा ठेवल्यावर वारा जोरात आणि बाहेरची ठेवल्यावर बारीक, असं असेल तर अडथळा बाहेरच्या जाळीत आहे: निंबाची पानं, चिखल, घरटं. दोन्हीकडे सारखाच बारीक असेल तर अडथळा फ्लॅपच्या पुढे, म्हणजे पंख्यात किंवा कॉइलवर.

मग दिशेचा नॉब फिरवा. तोंडावर, पायावर, काचेवर. एखाद्या दिशेला वारा दणदणीत आणि तोंडावर नाही, असं निघालं तर कॉइलचा दोष नाही. फ्लॅपची केबल क्लिपमधून निसटली असेल किंवा डक्टचा, म्हणजे हवेच्या नळीचा, सांधा डॅशबोर्डच्या आत सुटला असेल. केबल निसटली असेल तर नॉब हाताला नेहमीपेक्षा हलका लागतो. हे काम पाच मिनिटांचं असतं आणि त्यासाठी लोक अख्खा डॅशबोर्ड उतरवून घेतात. सगळीकडे सारखाच मेलेला वारा असेल (तुमचं तसंच निघेल असा माझा अंदाज) तर पुढे चला.

आवाज ऐका. यात लोक हमखास फसतात. त्यांना वाटतं, वाट अडली की पंखा रडायला लागेल, जड होईल. होतं उलटं. अशा गोल पंख्याची वाट बुजली की त्याला ढकलायला हवाच उरत नाही, तो हलका होऊन जास्त वेगाने फिरतो, आवाज उंच आणि भणभणता होतो. तुमचं 'आवाज भरपूर, वारा नाही' हे त्याचंच वर्णन. मोटार म्हातारी झाली असेल, तिच्यातले वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश झिजले असतील किंवा वीज कमी पोचत असेल तर आवाजही मंद, घुमा येतो. थापटी मारल्यावर सुरू होणारा पंखा हा ब्रशचा रोगी. करकर आवाज येत असेल तर पंख्यात पान अडकलंय नाहीतर बुश (मोटारीचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) सुकलाय.

शेवटची तपासणी रस्त्यावर. वाटेत वारा बारीक झाला की एसीचं बटण बंद करा, पंखा ४ वरच राहू द्या, काचा खाली घ्या. दहा-पंधरा मिनिटांत वारा परत आला तर बर्फाचं निदान पक्कं झालं. गाडी दुरुस्तीला जाईपर्यंत आईला नेताना हाच उपाय वापरा: वीसेक मिनिटं एसी, मग पाच मिनिटं नुसता पंखा. बर्फ साचायच्या आधीच वितळत राहील. जमलं तर वारा मेल्या मेल्या गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडा आणि केबिनच्या पत्र्यातून बाहेर येणारा एसीचा जाड पाइप बघा. त्यावर पांढरं दव गोठलेलं दिसलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मेकॅनिकशी बोलताना तो फोटो तुमच्या बाजूने बोलेल. इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यांपासून हात आणि उपरणं लांब ठेवा.

एवढ्यावर समाधान झालं आणि हाताला पाना-पेचकस धरायची सवय असेल तर ब्लोअर घरी उतरवता येतो. नसेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, पण काम कसं व्हायला हवं ते माहीत असू द्या.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. शेजारच्या सीटसमोरचा कप्पा उतरवला की मागे ब्लोअरचा काळा गोल डबा दिसेल. मोटारीचा कपलर सोडा, खालचे स्क्रू काढा (बहुतेक ठिकाणी तीन असतात), मोटार पंख्यासकट खाली उतरते. घरटं असेल तर मांडीवरच पडेल, म्हणून तोंडाला मास्क आणि हातात मोजे घाला. उंदराची लेंडी कोरडी झाडू नका, धूळ उडते आणि नाकात जाते. आधी फिनेलच्या पाण्याने भिजवा, मग कागदाने उचला. कुरतडलेल्या वायरी दिसतात का तेही बघा. टेप गुंडाळून चालवायची सवय सोडा. या वायरीतून पूर्ण वेगाला पंधरा-वीस अँपिअर करंट जातो, सांधा कच्चा राहिला तर तिथेच आग.

पंखा उजेडात धरून बघा. खारीच्या पिंजऱ्यासारखा दिसणारा हा गोल पंखा, त्याच्या प्रत्येक पातीला आतून खोलगट बाक असतो. त्या बाकात माती भरून पाती सपाट झाली की पंखा फिरतो पण हवा फेकत नाही. रंगाच्या सुक्या ब्रशने एकेक पाती साफ करा. मोटार पाण्यात बुडवू नका. पातीवर एखादी छोटी पत्र्याची क्लिप दिसली तर कचरा समजून काढू नका, ते तोल साधायचं वजन आहे. ती काढली की ४ नंबरवर डॅशबोर्ड थरथरेल.

ब्लोअरच्या भोकातून किंवा रेझिस्टर काढल्यावर त्याच्या खाचेतून मोबाइल आत घाला, टॉर्च लावून व्हिडिओ घ्या. कॉइल तिथे दिसते. तिचे पत्रे चांदीसारखे रेघारेघांचे दिसले पाहिजेत. करडा लोकरीसारखा थर दिसला तर आपलं निदान बरोबर.

आता त्या थराची जात ओळखा, कारण खर्च तिच्यावर ठरतो.

कोरडा, कापसासारखा, ब्रशने सुटणारा थर असेल तर कॉइल न काढता काम होतं. आधी व्हॅक्यूम आणि मऊ ब्रशने वरचा थर काढायचा, पत्र्यांच्या उभ्या दिशेने. आडवा ब्रश मारला की पत्रे वाकतात. मग गाडीच्या एसी कॉइलसाठी मिळणारा फोम मारायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, साध्या पाण्याच्या फवाऱ्याने उतरवायचं. ॲसिड, कॉस्टिक, कपड्यांचा सोडा, गाड्या धुण्याची जेट गन, यातलं काहीही कॉइलजवळ नेऊ नका. ॲल्युमिनियम खाल्लं गेलं की मग खरोखरच गॅस गळेल.

फोम मारण्याआधी पाणी बाहेर जाणारी नळी मोकळी आहे का ते बघायचं. ती केबिनच्या पत्र्यातून इंजिनाच्या बाजूला, खाली निघते. तिच्या तोंडाशी कुंभारीण मातीचं घर करते, आपल्याकडे हे फार होतं. अर्धवट तुंबली असेल तर मऊ वायरने खालून मोकळी करा. हे न बघता फोम मारला तर सगळं पाणी शेजारच्या सीटखालच्या गालिच्यात. तुमचं पाणी गाडीखाली पडतंय म्हणजे नळी बहुधा ठीक असावी.

थर काळा, तेलकट, बोटाला चिकटणारा असेल तर गोष्ट वेगळी. एसीच्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं. कॉइल जिथे गळते तिथे ते तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. तेलकट डाग म्हणजे गळतीचा नकाशा. अशा वेळी कॉइल बाहेर काढावीच लागते आणि बहुतेकदा नवीच टाकावी लागते. डॅशबोर्ड उतरणार, मजुरी लागणार, त्याला इलाज नाही. पण एकदा उघडलंच तर त्याच वेळी हे करून घ्या: आतला गॅस हवेत सोडून न देता मशीनने काढून घेणं, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस बेताने सोडणारा) तपासणं, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा) आणि सगळ्या सांध्यांच्या ओ-रिंग (रबरी कड्या) नव्या टाकणं, थर्मोस्टॅटची नळी मूळ जागी खोचणं, पंपाने पाइपांतली हवा ओढून काढायला किमान अर्धा तास व्हॅक्यूम लावणं आणि मग गॅस वजन करून भरणं. गॅसची जात आणि ग्रॅममधलं वजन बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. तुमच्या मॉडेलला आर-१३४ए. 'अंदाजाने भरतो, गार वाटलं की बंद करतो' असं म्हणणारा दिसला की गाडी वळवा. आणि स्वस्तातला, घरगुती सिलिंडरच्या जातीचा ज्वलनशील गॅस कुणी भरू लागला तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. तो गळाला तर तुमच्याच केबिनमध्ये गळणार.

तुमच्या बाबतीत थर कोरडा निघाला तरी दोनदा भरलेला गॅस एकदा काढून, तोलून परत भरून घ्या. किती होता आणि किती हवा होता, त्या दोन आकड्यांवरून कळेल की गाडी खरंच गळतेय की नुसतीच भरली गेली.

रेझिस्टर सगळ्यात शेवटी, वाट मोकळी झाल्यावर बदला, आणि त्याचा कपलर पण. जुना कपलर पिवळा-काळा पडला असेल तर नवा रेझिस्टर त्यावर लावण्यात अर्थ नाही. चालू करून बघताना रेझिस्टर हातात धरून किंवा गालिच्यावर सोडून पंखा फिरवू नका, तो क्षणात भाजण्याइतका तापतो. जागेवर स्क्रू आवळा, मग नॉब फिरवा. वाट मोकळी असूनही नवा कपलर गरम लागत असेल तर मोटार जास्त करंट ओढतेय; बुश सुकले असतील, मोटार बदलायची वेळ आली. फ्यूज उडत असेल तर त्याजागी मोठा फ्यूज किंवा तार घालण्याचं आपलं गावठी शहाणपण इथे चालवू नका.

आता उंदीर. पुढच्या काचेखालची जाळी उघडून आतल्या तोंडावर पाच-सहा मिलिमीटरच्या घरांची गॅल्व्हनाइज्ड जाळी स्क्रूने बसवा. हवा जाते, उंदीर जात नाही. कापड किंवा स्पंज लावू नका, महिन्याभरात तेच बुजेल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल. गाडी उभी करताना खटका 'आतली हवा'वर ठेवा, म्हणजे बाहेरचा फ्लॅप बंद राहतो. आणि शक्य असेल तर कापूस आणि गाडी वेगळी ठेवा. भाव कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. उंदरांना त्याची घाई नसते.

आईचं. डबल केबिन पिकअपमध्ये मागे बहुधा जाळ्याच नसतात, त्यामुळे पुढून गेलेला वाराच तिला मिळणार. वाट मोकळी झाली की मधल्या दोन जाळ्या सरळ तोंडावर न ठेवता दोन सीटांच्या मधून, छताच्या दिशेने वळवा. गार हवा जड असते, मागे जाऊन आपोआप खाली उतरते. बाजूच्या जाळ्या पुढच्यांना पुरतात. गाडी उन्हात उभी होती तर आधी काचा खाली करून दोन मिनिटं चालवा, कोंडलेली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा बंद आणि 'आतली हवा'. बाहेरच्या ४५ अंशांची हवा सतत आत घेऊन ती गार करत बसायचं काम जुन्या एसीला झेपत नाही. मात्र पाच जण असताना दर अर्ध्या तासाने दोन-चार मिनिटं बाहेरची हवा घ्या, नाहीतर बंद केबिनमध्ये कार्बन डायऑक्साइड साठून गाडी चालवणाऱ्यालाच पेंग येते. आणि दुरुस्ती होईपर्यंत दवाखान्याची वेळ सकाळची मागून घ्या. आठ-साडेआठला जळगाव गाठता येईल असं निघालात तर आईला एसीची फारशी गरजही लागणार नाही. परतीचा प्रवास दुपारचा असेल तर ऊन उतरेपर्यंत कुणा नातेवाइकांकडे टेकून निघा.

मुलाला सांगा, काळी फिल्म नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये तिच्यावर बंदी आणली. नियमात पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे. तिच्यापेक्षा समोरच्या काचेआड उभं करायचं चंदेरी सनशेड घ्या, गाडी उभी असताना लावा. डॅशबोर्ड तापला नाही की एसीचं बरंच काम सुरुवातीलाच वाचतं.

गॅरेजला जाल तेव्हा 'एसी गार करत नाही' असं सांगू नका. ते ऐकलं की मेकॅनिकचा हात सरळ गॅसच्या नळीकडे जातो. असं सांगा: 'वारा गार आहे, पण कमी आहे. सगळ्या दिशांना कमी आहे. अर्ध्या तासाने बंद होतो, एसी बंद केला की परत येतो. ब्लोअर खाली काढून कॉइल मला दाखवा.' दाखवायला तयार नसेल तर जळगावात एसीचं काम करणारे दुसरे पुष्कळ आहेत. आणि कॉइल साफ करून, गॅस तोलून भरूनही वारा भरपूर पण गरम येऊ लागला, तर कॉम्प्रेसरचा विषय तेव्हा काढू. त्या वेळी कमी आणि जास्त दाबाच्या दोन्ही बाजूंच्या गेजचे (गॅसचा दाब मोजणाऱ्या घड्याळांचे) आकडे लिहून पाठवा, एक इंजिन सावकाश चालू असतानाचे आणि एक रेस दिल्यावरचे.